निसटण्याच्या थोडं अलीकडे

भरलेली आहे असं समजून रिकामी कळशी उचलली की हात एकदम वर उडतो. प्रवासाची बॅग, गॅसचं सिलिंडर, दुधाचं पातेलं, कशाच्याही बाबतीत हे होतं. आपण क्षणभर दचकतो आणि कामाला लागतो. पण तेवढ्या उडण्यातून एक गोष्ट उघडी पडलेली असते. कळशीला हात लागण्यापूर्वीच तिचं वजन ठरवून टाकलेलं होतं. दंडाने किती ओढायचं, बोटांनी किती आवळायचं, याचा हुकूम आधीच सुटला होता. कळशीने तो खोटा ठरवला म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागला. एरवी असे हुकूम दिवसभर सुटत असतात, खरे ठरत असतात, आणि त्यांची आपल्याला दादही नसते.

वजन डोळ्यांना दिसत नाही. वस्तू जमिनीवरून सुटते तेव्हाच ते कळतं. तोवर स्नायूंनी काय करायचं? जरा जोर लावून बघ, नाही सुटली तर आणखी जरा लाव, असं करत गेलं तर साधा पाण्याचा पेला तोंडाशी यायला किती वेळ लागेल! म्हणून मेंदू वाट पाहत बसत नाही. आकार पाहतो, वस्तू कशाची आहे ते पाहतो, मागच्या वेळी ती कशी उचलली गेली ते आठवतो आणि पैज लावतो. कुरमुऱ्यांच्या भल्या मोठ्या पिशवीकडे आणि गुळाच्या छोट्या ढेपेकडे आपला हात एकाच तयारीने जात नाही. शाळेत घनता शिकण्याच्या कितीतरी आधी ती हाताला कळलेली असते.

या साध्या दिसणाऱ्या कामाचा बारकाईने माग काढला तो स्वीडनच्या उत्तरेकडच्या उमेओ शहरात. तिथल्या विद्यापीठात रोलंड योहान्सन आणि यॉरान वेस्टलिंग यांनी 1980 च्या दशकात एक छोटं उपकरण केलं. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून टेबलावरून थोडंसं वर उचलायचं, एवढंच त्याचं काम. बोटं किती आवळतात आणि हात किती वर ओढतो, या दोन्ही गोष्टी त्यात क्षणाक्षणाला मोजल्या जायच्या. बोटं टेकतात तिथलं आवरण बदलता यायचं. कधी सँडपेपर, कधी मऊ चामडं, कधी रेशीम. 1984 साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते वाचून मी माझ्याच हाताकडे बराच वेळ पाहत राहिल्याचं आठवतं.

सुरुवातीला त्यांना दिसलं ते असं, की आवळणं आणि ओढणं एकापाठोपाठ होत नाही. दोन्ही जोर एकत्र, एकमेकांच्या प्रमाणात चढत जातात. जितकं ओढायचं तितकं आवळायचं, क्षणोक्षणी. रेशीम असेल तर आवळण्याचं प्रमाण वाढतं, सँडपेपर असेल तर उतरतं. मला सर्वात विलक्षण वाटलं ते यापुढचं. कुठलंही आवरण असो, कितीही वजन असो, लावलेला जोर वस्तू निसटण्याच्या मर्यादेपेक्षा फक्त थोडासा जास्त असतो. माणूस दिवसभर शेकडो वस्तू हाताळतो आणि त्यातली प्रत्येक वस्तू तो निसटण्याच्या थोडं अलीकडे धरून असतो. कमी आवळलं तर वस्तू पडेल. जास्त आवळलं तर हात दमेल, पिकलं फळ असेल तर चेपेल, कागदाचा कप असेल तर चुरगळेल. या दोहोंमधली चिंचोळी जागा हात दरवेळी शोधून काढतो, आणि तेही आपल्याशी एका शब्दाने न बोलता.

ही जागा त्याला सापडते कशी? त्यासाठी बोटांच्या कातडीत शिरावं लागतं. कार्ल-एरिक हागबार्थ आणि ओके वाल्बो या दोघांनी 1960 च्या दशकात उप्साला इथे एक धाडसी पद्धत शोधली होती. टंगस्टनची केसासारखी बारीक सुई जाग्या माणसाच्या हातातल्या नसेत शिरवायची आणि एकेका तंतूतून जाणारे विजेचे स्पंद ऐकायचे. पहिल्या सुया त्यांनी स्वतःच्या हातात टोचून घेतल्या. पुढे याच वाटेने जाऊन वाल्बो आणि योहान्सन यांनी हिशेब मांडला की एका तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या कातडीत स्पर्श टिपणारे साधारण 17,000 तंतू असतात. सर्वात दाट वस्ती बोटांच्या टोकांना. त्यांच्यातही कामं वाटलेली आहेत. काही तंतू दाब टिकून आहे तोवर बोलत राहतात. काही फक्त बदल झाला की बोलतात. काहींना कातडी कुठल्या बाजूला ताणली जाते आहे ते कळतं. आणि काही, खोलवर असलेले, इतके हळवे असतात की वस्तू टेबलावरून सुटताना जी सूक्ष्म थरथर होते तीही त्यांना ऐकू येते.

वस्तू हातातून निसटते तेव्हा ती एकदम निसटत नाही. आधी बोटाच्या कडेची कातडी किंचित घसरते, मधला भाग अजून चिकटलेलाच असतो. आपल्या जाणिवेत याचा मागमूसही नसतो. पण ते तंतू बोलतात, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पकड घट्ट होते. निर्णय घ्यायला आपण तिथे नव्हतोच. वस्तू पडता पडता वाचली हेही आपल्याला कळलेलं नसतं.

सुटण्याच्या त्या थरथरीचं काम तर आणखी सुंदर आहे. मेंदूने पैज लावली की ही वस्तू अमुक वजनाची आहे. त्याच पैजेत हेही आलं, की अमुक क्षणी ती टेबलावरून सुटेल आणि त्याची खूण बोटांतून येईल. खूण ठरल्या वेळी आली तर सगळं सुरळीत. खूण लवकर आली, म्हणजे वस्तू हलकी निघाली, तर जोर ताबडतोब आवरला जातो, पण तोवर हात उडालेलाच असतो. खूण वेळेवर आलीच नाही, तर? तर मेंदू त्या न आलेल्या खुणेचाही अर्थ लावतो. वस्तू वाटली त्याहून जड आहे, असं समजून तो हळूहळू, टप्प्याटप्प्याने जोर वाढवू लागतो. जे घडायला हवं होतं ते घडलं नाही, हीच त्याच्यासाठी खबर. इतक्या थोड्या वेळात, आपल्या नकळत, एखादी गोष्ट घडली नाही याची नोंद घेणारं काहीतरी आपल्या आत आहे, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

हाताचा अंदाज आणि मनाचा अंदाज एकच असतो असंही नाही. समान वजनाचे दोन डबे घेतले, एक मोठा, एक लहान, तर उचलताना लहान डबा जड वाटतो. शार्पांतिये या फ्रेंच वैद्याने 1891 मध्येच हे लिहून ठेवलं. बरीच वर्षं याचं स्पष्टीकरण सरळ वाटायचं. मोठ्याला जास्त जोर लावला, तो झटकन वर आला, म्हणून हलका वाटला. 2000 साली कॅनडातल्या रँडी फ्लॅनगन यांनी सहकाऱ्यासोबत लोकांना असे डबे पुन्हा पुन्हा उचलायला लावले. काही वेळा उचलल्यावर बोटांनी दोन्ही डब्यांना अगदी सारखा जोर लावायला सुरुवात केली. हात शिकला. माणसं मात्र लहान डबाच जड आहे असं म्हणत राहिली, आणि ती खोटं बोलत नव्हती. एकाच डोक्यात दोन हिशेब चालू होते आणि त्यांची गाठ पडत नव्हती.

मेंदूत हे काम एका जागी होत नाही. वस्तूचा आकार पाहून बोटं किती उघडायची हे ठरतं ते डोक्याच्या वरच्या मागच्या भागात. तिथून ते कपाळामागच्या हालचालींच्या भागाकडे जातं, आणि तिथून निघालेले काही तंतू मधे कुठेही न थांबता थेट मणक्यातल्या त्या पेशींपर्यंत पोहोचतात ज्या बोटांचे स्नायू हलवतात. ही थेट वाट माणसाच्या शरीरात विशेष विकसित झाली आहे. 1968 मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स यांनी माकडांमध्ये मेंदूपासून मणक्याकडे उतरणारा हा मार्ग तोडून पाहिला. माकडं चालली, चढली, सगळी बोटं एकत्र मिटून गजही धरला. फक्त खाचेतला अन्नाचा कण एका बोटाने आणि अंगठ्याने टिपणं त्यांना पुन्हा कधी जमलं नाही. मुठीने धरणं आणि चिमटीने धरणं यांतला फरक नेपियर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1956 मध्ये मांडला होता. दुसऱ्या प्रकारासाठी मेंदूला किती खर्च येतो ते या प्रयोगातून कळलं.

चिमटीचं काम मी सर्वात जवळून पाहिलं ते अण्णांच्या हातात. माझे वडील पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, हाताने उचलून ओळी जुळवणारे. देवनागरीची केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी, रोमनपेक्षा कितीतरी मोठी. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, सगळ्यांना वेगळे खण. अण्णांची नजर हस्तलिखितावर असायची आणि उजवा हात केसवर एकटाच हिंडायचा. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते. खिळा उचलता उचलता अंगठ्याला ती खाच लागली की अक्षर सरळ आहे की उलटं हे न बघता कळतं. खणापासून स्टिकपर्यंतच्या, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या साच्यापर्यंतच्या, वीतभर प्रवासात खिळा चिमटीतल्या चिमटीत फिरून योग्य बाजूने बसायचा. हे फिरवणं म्हणजे पकड क्षणभर सैल करून पुन्हा धरणं. सैल झाली ती नेमकी किती, हे बाहेरून कधीच दिसलं नाही.

पण खरी परीक्षा पुढे असायची. स्टिक भरली की त्या सात-आठ ओळी उचलून गॅलीत, म्हणजे जुळलेल्या ओळींच्या तबकात, ठेवायच्या. सुटे खिळे, एकमेकांना कशानेही न जोडलेले, त्यांच्यात शिशाच्या पातळ पट्ट्या. दोन्ही अंगठे खालच्या ओळीला, दोन्ही तर्जन्या वरच्या ओळीला, मधली बोटं दुमडून दोन्ही बाजूंना, आणि चारी दिशांनी सारखा दाब. दाब कमी पडला तर मधली अक्षरं गळून पडतात आणि सकाळभराचं काम फरशीवर विखुरतं. जास्त झाला तर सगळा ठोकळा मधून फुगून वर उडतो. अण्णा तो ठोकळा उचलायचे तेव्हा त्यांचा श्वास नेहमीसारखाच चालू असायचा. मी एकदा विचारलं, पडत कसं नाही? ते म्हणाले, "मधलं अक्षर हलायला लागलं की बोटाला कळतं." उमेओच्या उपकरणाबद्दल वाचताना मला हे वाक्य आठवलं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी तारा आणि सुया लावून जे सिद्ध केलं, त्याची साक्ष पेठेतला एक जुळारी आपल्या कामावरून देत होता.

छापून झालेले खिळे परत खणात टाकायचे असत तेव्हा ते आधी ओले करत. पाण्याने खिळे एकमेकांना धरून राहतात आणि हातात ओळ घेता येते. ओलाव्याचं आणि पकडीचं नातं कष्टाची कामं करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. कुदळ हातात घेण्यापूर्वी मजूर तळहातावर थुंकतो, नोटा मोजणारा बोट जिभेला लावतो. बोटाच्या टोकावर घामाची असंख्य रंध्रं आहेत आणि थोडासा ओलावा कातडीला मऊ करतो, तिचं घर्षण वाढवतो. फार ओलं झालं की पुन्हा घसरतं. वय वाढतं तशी ही रंध्रं सुकत जातात, बोटं गुळगुळीत होतात, स्पर्शाचे तंतूही कमी होतात. म्हाताऱ्या माणसांच्या हातून वस्तू पडतात तेव्हा आपण म्हणतो, ताकद गेली. मोजून पाहिलं तेव्हा ती बहुधा तरुणांपेक्षा जास्तच आवळून धरताना आढळली. घसरण्याची भीती वाढलेली, खबर अंधूक झालेली, म्हणून हात जास्त मोठी राखण ठेवतो.

खबर पूर्णच थांबली तर काय होतं, हे योहान्सन यांनी भुलीचं औषध टोचून दाखवलं. त्यांच्या प्रयोगशाळेतली एक चित्रफीत प्रसिद्ध आहे. एक बाई काडेपेटीतून काडी काढून ती पेटवते, अगदी सहज. मग तिच्या बोटांची टोकं बधिर केली जातात. स्नायू शाबूत, डोळे शाबूत, काय करायचं ते पक्कं माहीत. तरी काडी उचलली जात नाही. उचलली तर फिरवता येत नाही. पडते, पुन्हा शोधते, पुन्हा पडते. शेवटी काडी पेटते, पण कितीतरी पट वेळ घेऊन. ते पाहवत नाही. ज्याला आपण हाताची हुशारी म्हणतो तिचा केवढा वाटा कातडीचा आहे, हे त्या काही सेकंदांत कळतं.

त्या बाईची भूल थोड्या वेळाने उतरली. आपल्या देशात लाखो माणसं अशी होऊन गेली ज्यांची उतरली नाही. कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये घर करतात, कोपराजवळची नस तर त्यांची आवडती जागा. बोटं बधिर होतात, आणि औषधाने जंतू मेले तरी मेलेली नस बहुधा परत येत नाही. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यविशारद तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मले आणि पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात या रुग्णांच्या हातांवर त्यांनी आयुष्य घातलं. त्यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका गंजक्या कुलपाची किल्ली त्यांना फिरेना. एक अशक्तसा रुग्ण मुलगा पुढे झाला, म्हणाला, मी बघतो, आणि त्याने किल्ली फिरवली. ब्रँड चकित झाले. मग त्यांना रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

कुष्ठरोगात बोटं झडतात असं तोवर सगळे मानत. रोग मांस खातो, अशी समजूत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं आखूड होतात ती जखमांमुळे, रोज होणाऱ्या आणि न कळणाऱ्या जखमांमुळे. त्यातल्या कितीतरी जखमा पकडीच्या. बधिर हाताला कुदळीचा दांडा किती घट्ट धरला आहे हे कळत नाही, म्हणून तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळतो, तासन् तास, एकाच जागी. गर्दीत पोराचं मनगट धरलेली आई जशी पकड सैल करायला धजत नाही, तसा तो हात. चहाचा काचेचा ग्लास आपण दोन बोटांनी कडेला धरतो, जागा बदलतो, खाली ठेवतो. बधिर हात तो पूर्ण मुठीत धरून ठेवतो, आणि संध्याकाळी तळहातावर फोड दिसतात.

म्हणून या रुग्णांना जे शिकवतात ते सारं पकडीच्या अवतीभवती फिरतं. भांड्याला हात लावण्याआधी फडकं घ्या. अवजाराच्या दांड्याला जाड कापड गुंडाळा, म्हणजे दाब पसरेल. एकच काम सलग करू नका. रोज संध्याकाळी हात पाण्यात भिजवा, तेल लावा आणि उजेडात धरून नीट बघा, कुठे लाल झालं आहे का, कुठे चिरलं आहे का. जे काम कातडी न सांगता करायची ते आता डोळ्यांनी, नेमाने करायचं. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांच्या सोबतीने ज्यांनी खडकाळ जमीन लागवडीखाली आणली, विहिरी खणल्या, माग चालवले, त्यांच्यातल्या अनेकांचे हात असे होते. त्या कष्टांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण न कळणाऱ्या हाताने कुदळ धरणं म्हणजे नेमकं काय, हे मला समजलं ते उमेओच्या आलेखांवरून. ती माणसं प्रत्येक घावाला दुप्पट काम करत होती. एक जमिनीवर आणि एक स्वतःच्या हातावर लक्ष ठेवण्याचं.

अण्णांना पक्षाघात झाला तेव्हा हे सगळं वाचनातून घरात आलं. मेंदूची डावी बाजू, उजवा हात. जीव वाचला, बोलणं परतलं, पाय बऱ्यापैकी सावरला. हातात जोरही आला. त्या जोराने आम्ही सगळे हुरळलो. पण वाटी उचलायला दिली की ते ती अशी धरायचे की बोटांची पेरं पांढरी पडत, आणि धरलेली वाटी सोडायला त्यांना वेळ लागायचा. हात शिकवायला येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी एक दिवस कागदाचा कप अर्धा पाण्याने भरून पुढे ठेवला. "काका, उचला." कप चेपला, पाणी चादरीवर सांडलं. अण्णांनी तोंड फिरवलं. बाई सहजपणे दुसरा कप भरत म्हणाल्या, "जोर भरपूर आहे हो तुमच्या हातात. बोटांकडून बातमी वर पोहोचत नाहीये, म्हणून मेंदू घाबरून जास्तीचा लावतोय."

इतक्या थोडक्यात इतकं नेमकं मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

मग परातीत तांदूळ आले. त्यात नाणं, किल्ली, शर्टाचं बटण, सुपारी पुरलेली. डोळे मिटून हात आत घालायचा आणि काय लागलं ते सांगायचं. सुरुवातीला अण्णा चोरून बघायचे. बघितलं की त्यांना जमायचं, पण फार सावकाश, आणि नजर ढळली की हातातली वस्तू पडायची. डोळ्यांच्या आधाराने कातडीचं काम चालवता येतं, नाही असं नाही. इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांना 1971 साली, वयाच्या 19 व्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालच्या शरीराचा स्पर्श आणि अवयव कुठे आहेत याची जाण, दोन्ही गमवावी लागली. स्नायू ठीक होते. प्रत्येक हालचाल ते डोळ्यांनी पाहून, ठरवून, पुन्हा शिकले, उभं राहणंसुद्धा. दिवे गेले तर त्यांना तोल सावरता येत नसे. त्यांच्यावर लिहिलेलं जोनाथन कोल या डॉक्टरांचं पुस्तक मी अण्णांच्या आजारपणात वाचलं. डोळे हातासाठी काय करू शकतात आणि काय नाही, याची हद्द त्यात दिसते. निसटणं सुरू झालेलं डोळ्यांना दिसेपर्यंत वस्तू निसटून गेलेली असते.

आईने छापखाना बंद झाला तेव्हा घरी आणलेले मूठभर खिळे एका डब्यात जपून ठेवले होते. बाईंना ते सांगितल्यावर त्यांनी दोन-तीन मागून घेतले आणि तांदळात टाकले. अण्णांच्या बोटांना एक लागला. बराच वेळ ते त्याला चाचपत राहिले. "खिळा आहे," म्हणाले. आई लगेच डोळ्यांना पदर लावून आत गेली. बाईंनी विचारलं, खाच कुठल्या बाजूला? अण्णांनी पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. ती मात्र त्यांना सापडली नाही. त्यानंतरही सापडलेली नाही. कागदाचा कप आता ते न चेपता उचलतात.

बातमी येते ती बाहेरून, पण पकडीचा निम्मा व्यवहार आधीच्या अंदाजाचा असतो, आणि अण्णांचा तो भाग टिकून होता. हातात पेला धरून तुम्ही स्वतः हात झटकन वर नेला, तर पकड हात हलता हलताच घट्ट होते, हिसक्याची वाट पाहत नाही. हातात धरलेल्या छोट्या भांड्यात दुसऱ्या हाताने चेंडू टाकला तर तो पडण्याआधीच बोटं आवळली जातात. तोच चेंडू दुसऱ्या कुणी न दिसता टाकला, तर ती नंतर आवळतात. आपणच केलेल्या हालचालीचे परिणाम आपल्या हाताला आगाऊ कळवण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे. तो बिघडलेल्या रुग्णांमध्ये हे आगाऊपण हरवतं आणि त्यांचाही हात सतत जास्त आवळू लागतो. म्हणजे खबर थांबली तरी आणि अंदाज थांबला तरी हाताकडे उरणारा उपाय एकच, घट्ट धरणं. सैल धरण्यासाठी दोन्ही शाबूत असावे लागतात. अण्णा स्वतः उचललेली वस्तू चांगली सांभाळायचे, दुसऱ्याने हातात दिलेली मात्र पडायची. असं का, याचा आम्हाला बरेच दिवस उलगडा होत नव्हता.

देणं-घेणं हा प्रकार खरंच अवघड आहे. एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू जाते तेव्हा काही क्षण ती दोघांची असते. मोजून पाहिलं गेलं आहे. घेणाऱ्याची पकड जसजशी वाढते तसतशी देणाऱ्याची उतरते, जवळजवळ एकाच तालात, आणि यातलं काहीही ठरवून केलेलं नसतं. देणारा आपल्या बोटांवरचा भार कमी होतोय हे वाचत असतो आणि तेवढंच सोडत असतो. पूर्ण खात्री होईपर्यंत तो थोडं धरून ठेवतो. यंत्रमानवाने माणसाच्या हातात वस्तू द्यायची असेल तर त्याला हेच शिकवावं लागतं, आणि इंजिनिअर मंडळींना ते शिकवणं सोपं गेलेलं नाही. एक क्षण लवकर सोडलं तर वस्तू पडते. उशिरा सोडलं तर ओढाताण होते, आणि घेणाऱ्याला वाटतं, याचा आपल्यावर भरवसा नाही.

घरी मी अण्णांना चहा देते तेव्हा कप त्यांच्या बोटांत नीट बसला आहे असं दिसलं तरी माझी बोटं सुटत नाहीत. त्यांच्याकडून ओढ यावी लागते. आधी ती यायचीच नाही, कप आमच्या दोघांत नुसता लोंबकळत राहायचा. आता येते. अगदी थोडी, आधी कपाच्या कानाला, मग माझ्या अंगठ्याला जाणवेल एवढी. मी तरीही धरून राहिले की ते माझ्याकडे न बघताच म्हणतात, "धरलाय मी. सोड."